दीड गोणी

थंडीच्या शेवटी रांगडा कांदा निघाला की आमच्या घराला महिनाभर दुसरा वास राहत नाही. हाताला, पदराला, उशीच्या अभ्र्याला, पाण्याच्या तांब्याला, सगळ्याला कांदा. रविवारी चर्चमध्ये बायकांच्या बाजूला बसलं तरी शेजारणीच्या बोटांवरून कळतं, हिच्या वावरात काम कुठवर आलंय. पूर्वी मला हा वास बरा वाटायचा. तो आला म्हणजे घरात माणसं, चुलीवर चहाचं मोठं पातेलं, बायकांच्या गप्पा. गेल्या वर्षापासून तो नकोसा झालाय.

आजपासून यंदाची कापणी लागली. सकाळी विळा घेऊन बसले, पहिल्या मुठीची पात कापली आणि डोळ्यांना पाणी आलं. बाजूच्या बाईचा विळा चालूच राहिला. कांद्याच्या दिवसांत कुणी रडलं तर कुणी विचारत नाही, एवढी एक सोय आहे.

माझी मुलगी सुवार्ता आता नगरला होस्टेलवर राहून अकरावी शिकते. गेल्या वर्षी याच दिवसांत ती दहावीला होती, घरी होती, माझ्या डोळ्यांसमोर होती. डोळ्यांसमोर असूनही मला काय दिसलं आणि काय नाही, ते मी वर्षभर मनात उलटसुलट करते आहे.

आमच्याकडं घरात दहावीचं पोर असलं की सगळं घर दबकून चालतं. टीव्हीवर कापड पडतं. लग्नकार्याला आई एकटी जाते. पाणीसुद्धा पोराच्या हातात नेऊन देतात, आणि येणारा-जाणारा विचारतो, काम तर सांगत न्हाई ना तिला? मग आई सांगते, न्हाई, काडी उचलू देत न्हाई. हे सांगताना तिला बरं वाटतं. मलाही वाटायचं. मी चार माणसांत बोलायला लाजते, पण हे एक वाक्य मी न अडखळता म्हणायचे.

त्याआधी सुवार्ताचे पाय घरात ठरत नसत. सकाळी दुधाची किटली सायकलच्या हँडलला अडकवून ती डेअरीवर जायची. येताना मोकळी किटली वाजवत यायची, ती पाटाच्या रस्त्याला वळली की मला घरात ऐकू यायचं आणि मी तवा ठेवायचे. शाळेच्या खो-खोच्या संघात होती. खुंटाला हात लावून वळताना तिची वेणी अशी गरकन फिरायची की मागची पोरगी वेणीलाच हात घालायची. मग भांडण. मग दोघी हसत घरी.

जून लागला आणि मी ती सायकल पडवीच्या भिंतीला उलटी टांगली. वर्षभर खेळ बंद, असं तिच्या वर्गशिक्षकांनीही सांगितलं होतं. तिचे पप्पा म्हणाले, डेअरीवर मी जातो. सुवार्तानं दोन दिवस सायकलकडं बघितलं, नंतर बघणं सोडलं.

माझी शाळा चौथीला सुटली. धाकटा भाऊ झाला, त्याला सांभाळायला घरात कुणी हवं होतं. पुस्तक घेऊन बसले की आई हाक मारायची, ऊठ. पाणी आण, ऊठ. शेळी सुटली, ऊठ. माझ्या आईचाही इलाज नव्हता. पण मला आठवतं त्याप्रमाणे लहानपणी मला कुणी कधी 'बस' म्हणालं नाही. म्हणून माझ्या मुलीला मी सकाळी 'बस' म्हणायचे, दुपारी 'बस' म्हणायचे. ती खुर्चीत बसलेली असायची, समोर वही, आणि मी दारातून बघून परत कामाला जायचे. जगात याहून मोठं सुख दुसरं काय द्यायचं असतं, ते मला ठाऊक नव्हतं.

बसलेल्या लेकराला खायला द्यावं लागतं. सकाळी भिजवलेले बदाम, सायीसकट दूध, दहा वाजता शेंगदाण्याचा लाडू, भाकरीवर तुपाची धार. अभ्यासानं डोकं शिणतं असं सगळे म्हणत, आणि शिणलेल्या डोक्याला काय लागतं ते मला एकच माहीत. ती वहीतून मान न काढता खायची. ताट मोकळं झालं की मी भरायचे. तिला भूक होती का, हे मी विचारलं नाही. भूक नसताना खातात हेच मला माहीत नव्हतं. अभ्यासाची भीती वाटली की ती डबा उघडायची, हे मला पुढं डॉक्टर मॅडमनी सांगितलं.

दिवाळीला शाळेच्या ड्रेसच्या शिवणी मी पहिल्यांदा उसवल्या. नाताळाला दुसऱ्यांदा. उसवलेल्या शिवणीतून कापडाचा आतला पट्टा बाहेर आला, तो न विटलेला, गडद निळा. दोन्ही कुशींना दोन निळ्या रेघा. ती ओढणी अशी घ्यायची की त्या झाकल्या जातील. माळ्यावर चढली तर धापा टाकायची. पाळी दोन-दोन महिने यायची नाही. रात्री उशिरापर्यंत जागायची आणि सकाळी सुजलेल्या तोंडानं उठायची. पूर्वपरीक्षेत मार्क कमी पडले तेव्हा मी तुपाचा एक चमचा वाढवला.

मग कांदा निघाला.

त्या वर्षी व्यापाऱ्यानं माल जागेवरच घेतला. त्याची माणसं टेम्पो आणि इलेक्ट्रिक काटा घेऊन आमच्या वावरात आली. पन्नासाची गोणी. हमाल गोणी काट्यावर टाकायचा, आकडा मोठ्यानं ओरडायचा, दुसरा पाठीवर घेऊन टेम्पोत रचायचा. दुपारपर्यंत काम उरकलं. काटा अजून तसाच होता, बायांची मजुरी मिटली होती, सगळ्या खुशीत होत्या. अशा वेळी आमच्याकडं हे होतंच, गेली कैक वर्षं होत आलंय. काटा दिसला की बाया एकेक करून त्यावर चढतात. हमाल गोणीसारखाच आकडा ओरडतो. हडकुळी बाई असली तर म्हणतात, हिला निवडून बाजूला काढा, बारका माल हाय. जाडी असली तर, हिला दोन हमाल लागतील. मीही चढले. अठ्ठेचाळीस. हमाल म्हणाला, वैनी, गोणी भरत न्हाई तुमची, दोन किलो कांदा टाका पदरात. सगळे हसले, मी तोंडाला पदर लावला.

सुवार्ता तेवढ्यात पाण्याची कळशी घेऊन बांधावर आली होती. मीच तिला हाक मारली होती. घरात दुसरं कुणी नव्हतं आणि माणसं तहानली होती. माझी जाऊ तिला म्हणाली, चढ की गं, तुझंबी बघू. ती नको म्हणाली. दोघी-तिघींनी हाताला धरलं. ती माझ्याकडं बघत होती. मी काही बोलले नाही. चारचौघांत माझी जीभ उचलत नाही, आणि त्यात नको म्हणण्यासारखं काय आहे तेही मला कळलं नाही.

हमालानं आकडा बघितला. आकडा न सांगता टेम्पोवरच्या माणसाला हाक मारून म्हणाला, "दीड गोणी हाय रं. जपून घे."

टेम्पोवरचा माणूस हसून वाकला, हात पुढं करून उभा राहिला. बाया पोट धरून हसल्या. आणि मी हसले. तिनं माझ्याकडं बघितलं तेव्हा माझ्या तोंडावर हसू होतं.

ती उतरली, कळशी उचलली आणि घरी गेली. रडली नाही. संध्याकाळी मी लाडू दिला तर म्हणाली, नको. मला वाटलं, पोट भरलं असेल.

टेम्पोवर एक पोरगा तिच्या शाळेजवळ राहणारा होता. चार दिवसांत वर्गात तिचं नाव दीड गोणी झालं. हे मला तिनं सांगितलं नाही. तिच्या मैत्रिणीनं पुष्कळ पुढं, उन्हाळ्यात सांगितलं. फळ्यावर कुणी लिहिलेलं होतं, आणि सरांनी ते न वाचताच पुसलं.

त्याच आठवड्यात आमचे चाळीस दिवसांचे उपास लागले. ईस्टरच्या आधी आम्ही ते पाळतो. मोठी माणसं एक वेळ सोडतात, कुणी शुक्रवार धरतं, कुणी मटण-मासळी वर्ज्य करतं. मुलांना कुणी सांगत नाही, दहावीच्या मुलांना तर मुळीच नाही. सुवार्ता म्हणाली, मी रोज धरणार. सकाळी काही नाही, दुपारी काही नाही, संध्याकाळी सोडणार. तिच्या पप्पांच्या डोळ्यांत पाणी आलं. मी म्हणाले, अगं परीक्षा आहे. ती म्हणाली, परीक्षेसाठीच.

 भाकरी नको म्हणाली असती तर मी भरवली असती. देवाचं नाव घेतल्यावर माझा हात मागं आला.

दुसऱ्या शुक्रवारी पाळकसाहेबांनी प्रार्थनेनंतर तिला उभं केलं. एवढ्या लहान वयात, परीक्षेच्या तोंडावर या मुलीनं उपास धरलाय, असं ते सगळ्यांसमोर म्हणाले. मोठ्या माणसांनी तिच्याकडून शिकावं, म्हणाले. त्यांचा हेतू चांगला होता. बाहेर पडताना बायकांनी माझे हात हातात घेतले. एकीनं सुवार्ताच्या गालाला हात लावून म्हटलं, तोंड कसं उजळलंय बघा. तोंड उजळलं नव्हतं, गाल बसले होते. मी ते बघितलं होतं, पण त्या दिवशी मला उजळलेलंच दिसलं.

ती संध्याकाळी ताट घेऊन आतल्या खोलीत जायची. वाचत वाचत खाते, म्हणायची. ताट मोकळं यायचं. मग एकदा धार काढायला बसले तर म्हशीच्या गव्हाणीत, कडब्याखाली, भाकरीचे तुकडे सापडले. एक दिवसाचे नव्हते. खालचे वाळून कडक झालेले, वरच्यांवर तूप.

मी ते ओंजळीत घेऊन घरात गेले आणि तिला नाही नाही ते बोलले. अन्नाचा माज आला का, म्हणाले. आम्ही शिळ्या तुकड्यासाठी बहिणी-बहिणी भांडायचो, म्हणाले. ती भिंतीकडं तोंड करून उभी होती. मानेवरची हाडं दिसत होती. मला फक्त भाकरी दिसली.

त्यानंतर ती माझ्यासमोर बसून दोन घास खायची. मग ते मागच्या दारी ओकून टाकायची, हेही मला पुढंच कळलं.

गणिताच्या पेपरला शाळेतून फोन आला. चक्कर येऊन ती बाकावर पडली होती. पाणी पाजलं, मीठ-साखर दिली, अर्धा-पाऊण तास तसाच गेला. मोटारसायकलवर पुढं तिचे पप्पा, मध्ये ती, मागं धरून मी, असं तिला घेऊन आलो. दोन महिन्यांपूर्वी तिघांना त्या गाडीवर बसता येत नव्हतं. सगळं वर्ष ज्या दोन तासांसाठी तिला उठू दिलं नाही, ते दोन तास असे गेले. ती पास झाली, पण हाती आले ते मार्क तिच्या अभ्यासाला शोभणारे नव्हते.

दवाखान्यातल्या मॅडम तरुण होत्या. त्यांनी आम्हाला बाहेर बसवून आधी तिच्याशी पुष्कळ वेळ बोलून घेतलं. मग आम्हाला आत घेतलं. मला वाटलं औषध देतील. थोडं दिलंही, रक्त कमी होतं. पण त्या म्हणाल्या, घरात वजन हा शब्द काढायचा नाही. जाड झाली नको, बारीक झाली नको. ताट वेगळं नेऊ द्यायचं नाही, सगळ्यांनी एकत्र जेवायचं, जे घरात शिजेल तेच, आणि ताटाकडं बघत बसायचं नाही. वाढीच्या वयात असे उपास नकोत, मी लिहून देते, तुमच्या पाळकांना दाखवा. झोप पुरी हवी. चालू दे, खेळू दे, बारीक होण्यासाठी नाही, जिवाला मोकळं वाटण्यासाठी. नगरला मनाच्या डॉक्टरांचं नाव दिलं. आम्ही महिन्यातून एकदा नेऊ लागलो. गावात सांगितलं, डोळे तपासायला जातो.

मॅडमनी तिला विचारलं, कुणाबरोबर चालशील? मैत्रिणींबरोबर नको म्हणाली. खो-खोच्या मुलींसमोर जायचं नव्हतं. तेव्हा मी म्हणाले, मी चालेन.

आता आमच्या गावात बाई नुसती चालत नाही. बाई रस्त्यानं दिसली म्हणजे तिला कुठंतरी जायचं असतं. वावरात, पिठाच्या गिरणीत, कुणाच्या मयताला. पहिल्याच दिवशी पाटाच्या रस्त्यावर तिघींनी विचारलं, कुठं निघाल्या मायलेकी?  सुवार्तानं मान खाली घातली आणि परत फिरली. दुसऱ्या दिवसापासून मी विळा आणि फडकं घेऊन निघू लागले. गवताला, म्हणायचे. रोज संध्याकाळी गवताला, आणि रोज रिकाम्या फडक्यानं परत. एकीनं विचारलंही, तुमची म्हैस वारा खाती का?

सुवार्ता माझ्यामागं वीस पावलं ठेवून चालायची. मी हळू झाले की तीही हळू. उन्हाळ्याचे दिवस, पाटाला पाणी नाही, तळाचा चिखल भेगाळलेला, त्यात बगळे उभे. बोलणं काही नाही. एरवी मला कुणी तीन आठवडे असं मुक्यानं चालवलं असतं तर मी कंटाळले असते, पण मी मागं तिच्या चपलेचा आवाज ऐकत जायचे आणि मला तेवढं पुरायचं.

मग एकदा तो आवाज जवळ आला. ती माझ्या बरोबरीला चालू लागली आणि म्हणाली, "मम्मी, त्या दिवशी तूबी हसलीस."

मी विळा या हातातून त्या हातात घेतला. खरं सांगायचं ठरवलं. म्हणाले, "मला मोठं वाटलं होतं गं."

"कशाचं?"

"मी गोणीलाही भरले नाही कधी. माझी लेक उपाशी नाही, एवढंच मला कळलं."

ती समोर बघत चालत राहिली. पुढं पाटावरच्या मोरीच्या पुलापर्यंत गेलो, तिथून वळलो. मला वाटलं, रागावली. येताना तिनं फडकं माझ्याकडून घेतलं आणि घरापर्यंत खांद्यावर टाकून आणलं. यापलीकडं आम्ही त्याबद्दल पुन्हा बोललो नाही.

त्या कांद्याच्या महिन्याभरात मला दोनदा लेकीचा अभिमान वाटला. एकदा ती काट्यावर उभी होती तेव्हा, एकदा चर्चमध्ये उभी होती तेव्हा. दोन्ही वेळा तिला तिथं उभं राहणं जिवावर आलं होतं. मी शिकलेली असते तर ओळखलं असतं का, असं पुष्कळदा मनात येतं. पण शिकलेलेही तिथं होते.

जुलैपर्यंत ती बरीच सावरली. घरात सगळ्यांबरोबर एक भाकरी खायची. सायकल तिच्या पप्पांनी काढून दिली, ती एकदा डेअरीपर्यंत गेली आणि पुन्हा नाही. अकरावीला नगरलाच जायचं म्हणाली. इथल्या कॉलेजात तीच पोरं होती. मॅडम म्हणाल्या, जाऊ द्या, पण रोज बोलत जा. मी बॅगेत कपडे घालताना तिचे ड्रेस बघत होते. शिवणी आता आत घेतलेल्या होत्या, सुईच्या जुन्या भोकांची ओळ मात्र कापडावर तशीच राहिली होती.

तेव्हापासून रोज दिवेलागणीला फोन. कॉलेज झालं का? झालं. थंडी आहे का? आहे. आणि शेवटी मी विचारते, जेवलीस का? ती म्हणते, जेवले. हे 'जेवले' मी किती तऱ्हांनी ऐकते ते तिला माहीत नाही. पटकन म्हणाली तर भीती वाटते, थांबून म्हणाली तर जास्त. महिन्यातून एकदा घरी येते तेव्हा मी तिच्या मनगटाकडं बघते. मागच्या खेपेला घड्याळाचा पट्टा एक भोक आत होता. मी बघितलं आणि मॅडमनी सांगितल्याप्रमाणे काही बोलले नाही. पण झोप लागली नाही. नगरच्या डॉक्टरांची पुढची तारीख जवळ ओढून घ्या, असं सकाळी तिच्या पप्पांना सांगितलं.

आज कापणीचा पहिला दिवस. सकाळी बायांसाठी चहा केला, तो घेतला, एवढंच. दुपारी बाया झाडाखाली भाकरीची फडकी सोडून बसल्या तेव्हा मी माझं सोडलंच नाही. तेच वावर, तोच बांध. मी पाणी पिऊन पुन्हा ओळीला बसले. संध्याकाळी घरी आले तर अंगाला कांद्याचा वास, पायांना गोळे, आणि फोन वाजला.

बोलणं नेहमीचंच झालं. कापणी लागली का, म्हणाली. लागली. किती बाया आहेत? पाच. मग मी काही विचारायच्या आत तिनं विचारलं, "मम्मी, तू जेवलीस का?"

मी म्हणाले, "जेवले."

किती सहज आला तो शब्द. आवाज हलला नाही, श्वास अडकला नाही. खोटं बोलते आहे असं मला वाटलंसुद्धा नाही, तिला काळजी नको एवढंच वाटलं.  मग मी चुलीपुढं खाली बसले.

"सुवा," मी म्हणाले, "मी जेवले नाही. सकाळपासून नाही."

 तिच्या मागं कुठल्यातरी मुली हसत होत्या, बादली आपटल्याचा आवाज आला. मला वाटलं तिला ऐकूच गेलं नाही.

"मीपण न्हाई," ती म्हणाली.

कालपासून का परवापासून, हे मी विचारलं नाही. म्हणाले, फोन ठेवू नको, तुझ्याकडं मेसचा डबा आहे ना, आण. मीही घेते. फोन मी चुलीच्या कट्ट्यावर उभा केला, दुरडीतली दुपारची भाकरी काढली, तव्यातलं थोडं पिठलं घेतलं. तुकडा मोडला. म्हणाले, मी घेतला घास. तू घे.

तिकडं डब्याचं झाकण निघाल्याचा आवाज आला. मग चमच्याचा. पुढचं काही फोनमधून ऐकू येत नाही, कितीही कानाशी धरला तरी. मी कानाशी धरून बसले आणि माझा घास चावत राहिले.